हॉटेलातला पाण्याचा ग्लास

हॉटेलात खाणे हा चैनीचा विषय आहे, त्यावर या पानांत कशाला लिहायचे, असे कुणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मुंबईत मी पन्नासहून अधिक वर्षे बाहेर खातो आहे. इराण्याकडे, खानावळीत, उडप्याकडे, गाडीवर, फुटपाथवर उभा राहून. हे खाणे मला मनापासून आवडते. या आवडीत जिभेचा वाटा किती आणि दुसऱ्या कशाचा किती, याचा हिशेब एकदा मांडावा असे बरेच दिवस मनात होते.

माझे गाव नगर जिल्ह्यातले. एस.टी.च्या थांब्याजवळ पत्र्याचे एक हॉटेल होते. आत दोन बाकडी, भिंतीवर देवाचा फोटो. आमच्यासाठी कान तुटलेल्या दोन कपबशा बाहेर वळचणीला खोचून ठेवलेल्या असत. चहा हवा असला की आपण कपबशी काढायची, विसळायची, खाली ठेवायची आणि मागे सरायचे. हॉटेलवाला वरून चहा ओतायचा. पैसे हातात द्यायचे नाहीत, फळीवर ठेवायचे. पिऊन झाले की कप पुन्हा विसळून वळचणीला. पाणी मात्र मिळत नसे. आजी बजावायची, “आरं लेका, तहान लागली तर वढ्यावर जा. हाटेलात पाणी मागू नगंस.” पैसे देऊन चहा मिळत होता, पाणी फुकट असूनही मिळत नव्हते. हे गणित मला त्या वयात सुटले नाही.

१९७२ च्या दुष्काळात मी सतरा वर्षांचा असताना मुंबईला बाकडे आलो, म्हणजे बा गिरणीत होता त्याच्याकडे आलो. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बा मला घेऊन परळच्या नाक्यावरच्या इराण्याकडे गेला. मी सवयीने दाराबाहेर थांबलो. बा म्हणाला, “आत ये की.” आम्ही संगमरवरी टेबलाशी बसलो. अजून काही मागितले नव्हते. एक पोऱ्या आला. चार बोटे चार ग्लासांत बुडवून त्याने एका हातात चार ग्लास आणले होते. दोन आमच्यापुढे आदळले आणि दोन त्याच टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेल्या, कपाळावर गंध लावलेल्या माणसापुढे. त्या माणसाने ग्लास उचलला आणि पाणी प्यायला. मी ग्लासाकडे बघतच राहिलो. बा म्हणाला, “पी. हितं कुणी इचारत न्हाई.”

त्या दिवशी ब्रून मस्का खाल्ला, चहा प्यायलो. त्याची चव आज सांगता येणार नाही. पाण्याची सांगता येईल.

२

अस्पृश्यता पाळायची ती मुख्यतः तीन ठिकाणी पाळली जाई: पाण्यात, भांड्यात आणि पंगतीत. रस्त्यात सावली टाळता येते, पण पाणी, भांडे आणि पंगत टाळायची तर त्यासाठी व्यवस्था लागते. म्हणूनच जातीचे बहुतेक नियम खाण्यापिण्याभोवती गुंफलेले दिसतात. हॉटेल ही संस्था या तिन्हींवर एकदम घाला घालते. तिथे पाणी एकाच पिंपातले, भांडी एकाच हौदात विसळलेली आणि पंगत नाहीच. जो येईल तो रिकाम्या खुर्चीवर बसेल.

हा घाला किती वर्मी लागत होता हे पाहायचे तर १८९० सालचे पुणे पाहावे. पंचहौद मिशनमध्ये एका व्याख्यानानंतर रानडे, टिळक आदी प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. ही बातमी फुटली, ग्रामण्य उभे राहिले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि मोठमोठ्यांना प्रायश्चित्ताचा विचार करावा लागला. एका कप चहाने ब्राह्मणांमध्येच एवढा गदारोळ होत असेल, तर आपल्या माणसाने त्यांच्या शेजारी बसून चहा पिणे ही गोष्ट त्या काळी कल्पनेच्याही पलीकडची होती.

मग मुंबईत हे घडले कसे? उत्तर म्हणून इराण्याच्या उदारपणाकडे बोट दाखवले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द, केरमान या भागांतून आलेल्या इराण्यांनी ही हॉटेले काढली. धोबीतलावचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोडचे मेरवान १९१४ चे. कोपऱ्यावरची जागा हिंदू दुकानदार अशुभ मानीत, म्हणून ती इराण्यांच्या वाट्याला आली, असे सांगतात. ते खरे असो वा नसो, कोपऱ्यावर दोन रस्त्यांचे गिऱ्हाईक येते आणि दोन्हीकडून आत शिरता येते. इराण्याला जात नव्हती. आपल्या हातचे खाणाऱ्याची जात बघावी, अशी गरज त्याला पडली नाही.

पण याच्याकडे समाजाचा गुण म्हणून पाहिले तर आपण चुकू. १९१७ मध्ये बाबासाहेब नोकरीसाठी बडोद्याला गेले तेव्हा हिंदूंच्या वस्तीत त्यांना जागा मिळाली नाही. ते एका पारशी धर्मशाळेत पारशी नावाने राहिले. काही दिवसांनी ओळख फुटली आणि काठ्या घेतलेले पारशी दारात उभे राहिले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. बडोद्याचा पारशी आणि परळचा इराणी यांचा धर्म एकच होता. फरक होता तो धंद्याचा. धर्मशाळा जातभाईंसाठी होती, तिथे येणाऱ्याचे नाव वहीत लिहावे लागे. हॉटेल रस्त्यावरच्या अनोळखी माणसासाठी होते. दिवसाला शेकडो गिऱ्हाइके येऊन जाणार, प्रत्येकी काही आणे देणार. अशा धंद्यात नाव-गाव विचारायला वेळ नसतो. विचारले तर धंदाच बुडतो. आपल्याला जे मिळाले ते करुणेतून मिळाले नाही, रोख पैशातून आणि गर्दीतून मिळाले. मला त्याची लाज वाटत नाही. उलट कुणाचे उपकार नाहीत, हे बरेच झाले.

नुसती गर्दी पुरेशी असते असेही नव्हे. त्याच मुंबईत, त्याच गिरण्यांत आपल्या माणसांना विणाईच्या खात्यात घेत नसत. धोट्याचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या थुंकीचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? विणाईची मजुरी जास्त आणि तिथेच दार बंद. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. यंत्र आले, मजुरी आली, युनियन आली, लाल बावटाही आला. तरी तोंडाचा विटाळ गेला नाही. म्हणजे शहर आपोआप जात मोडत नाही. जिथे प्रत्येक वेळी ओळख लागते तिथे जात टिकते. जिथे ओळख लागत नाही तिथे ती ढिली पडते.

३

याचा अनुभव मला स्वतःच्या ताटावर आला. १९७७ मध्ये बा गावी परतला. मला कारकुनाची नोकरी लागली होती. मी गिरणगावात चार सोबत्यांबरोबर खोली घेऊन राहिलो आणि एका बाईंकडे महिन्याची खानावळ लावली. गिरणी कामगारांची पोटे या खानावळवाल्या बायांनीच भरली, हे इथे नोंदले पाहिजे. एका खोलीत संसार आणि त्याच खोलीत वीस-पंचवीस माणसांचे दोन वेळचे जेवण. सावकाराच्या व्याजाखाली त्या पिचून जात. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते याच बायांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून. आमच्या बाईंचे हात मी विसरलेलो नाही. त्यांची सुकटीची चटणी आणि तांदळाची भाकरी अजून आठवते.

पण खानावळ म्हणजे इराण्याचे हॉटेल नव्हे. ती गावावरून, नात्यावरून, जातीवरून चालते. पहिल्या दिवशीच विचारतात, “गाव कुठलं तुमचं?” मी गाव सांगितले, आडनाव गावावरूनचे सांगितले. खोटे काही बोललो नाही. जे विचारले नाही ते सांगितले नाही, एवढेच. सात महिने मी घरच्यासारखा जेवलो. मग गावाहून धाकट्या भावाचे पोस्टकार्ड आले. पोस्टकार्ड उघडेच असते. वरच्या ओळीत, मधोमध, मोठ्या अक्षरांत त्याने ‘जय भीम’ लिहिले होते. ते बाईंच्या शाळेत जाणाऱ्या मुलाने वाचले.

कुणी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी माझा पाट दाराशी मांडला होता. जेवण झाल्यावर बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “तुमचं ताट तुम्हीच धुऊन ठेवत जा.” मी धुतले. महिन्याचे पैसे आगाऊ भरले होते आणि खिशात दुसरे नव्हते, म्हणून पुढचे नऊ दिवस मी दाराशी बसून जेवलो आणि ताट धुतले. बाबूराव बागुलांचे ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हे पुस्तक मी तोवर वाचलेले होते. वाचून रक्त तापले होते. तरी नऊ दिवस जेवलो. दहाव्या दिवशी संध्याकाळी इराण्याकडे गेलो, खिमा-पाव मागवला आणि पाण्याचे दोन ग्लास प्यायलो.

बाईंवर आज माझा राग नाही. त्यांची इतर गिऱ्हाइके उठून गेली असती तर त्यांची चूल थंडावली असती. पण ज्या बाईचे स्वतःचे शोषण होत होते, तिच्याच हातून माझे ताट दाराशी सरकले, हे विसरून चालणार नाही. गरिबी माणसांना एका रांगेत उभे करते, एका पंगतीत बसवतेच असे नाही.

४

रस्त्यावरच्या खाण्याची गोष्ट आणखी वेगळी. वडापाव घ्या. दादर स्टेशनबाहेर १९६६ च्या सुमारास अशोक वैद्य यांनी तो पहिल्यांदा विकला, असे सर्वत्र सांगितले जाते. पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांचे, मिरचीही त्यांच्याच जहाजातून आली. ज्या पावाने धर्म बुडतो असे एके काळी मानले जाई, तोच पाव आता मराठीपणाची खूण म्हणून मिरवतो. मला त्यात दुसरी गोष्ट दिसते. वडापावला भांडे लागत नाही. विसळायचा प्रश्न नाही, बसायचा प्रश्न नाही, पंगत तर नाहीच. कागदात गुंडाळलेला, हातातून हातात दिलेला. मागे लोकलची घाई, पुढे कढईतले तेल. शेजारचा कोण हे बघायला कुणाला फुरसत नाही. भेळ, भुर्जी-पाव, उकडलेले चणे, भाजलेले कणीस, सगळ्यांचे हेच. गाडीवर उभा राहून खाणारा माणूस दहा मिनिटे तरी नुसता भुकेला माणूस असतो.

आईला हे सुख फार उशिरा मिळाले. तिने आयुष्यभर दुसऱ्यांना वाढले आणि उरलेले खाल्ले. ती मुंबईला आली तेव्हा मी तिला इराण्याच्या ‘फॅमिली रूम’मध्ये नेले. लाकडी आडोसा, आत टेबल. तिच्यापुढे आम्लेट-पावाची बशी ठेवून पोऱ्या गेला. ती मला म्हणाली, “आरं, मला वाढलं त्यानं.” एवढेच बोलली.

आता कायद्याचेही सांगितले पाहिजे. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. तिथल्या प्रवेशाला धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणावरून आडकाठी करता येणार नाही. त्याच कलमात विहिरी आणि तळीही आहेत. ज्यांनी २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने तयार केलेल्या मसुद्यात तळे आणि हॉटेल शेजारी शेजारी असावेत, याचा अर्थ आपण ओळखला पाहिजे. पुढे १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ मध्ये त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. माझ्या गावची कपबशी मात्र संविधानानंतर वीस वर्षे वळचणीलाच होती. बाबा आढावांना १९७२ मध्ये ‘एक गाव एक पाणवठा’ची मोहीम काढावी लागली, ती उगाच नव्हे.

शहरातही दार उघडले म्हणून स्वयंपाकघर उघडले असे नाही. कित्येक हॉटेलांत आचारी कोण, वाढणारा कोण, खरकटे काढणारा कोण आणि मागची मोरी तुंबली की उतरणारा कोण, हे बघत चला. जात गल्ल्यावरून उठून मागच्या दाराशी जाऊन बसलेली दिसेल. ‘शुद्ध शाकाहारी’ या पाटीतला ‘शाकाहारी’ शब्द मला समजतो. ज्याला पाला खायचा त्याने खुशाल खावा. ‘शुद्ध’ या शब्दाशी माझे भांडण आहे. २०२४ च्या मार्चमध्ये झोमॅटो कंपनीने शाकाहारी गिऱ्हाइकांसाठी वेगळा ताफा, हिरव्या गणवेशासह, जाहीर केला. ओरड झाल्यावर हिरवा गणवेश दुसऱ्याच दिवशी मागे घेतला. पण डब्याला विटाळ होऊ नये म्हणून आणणारा माणूसच वेगळा हवा, ही मागणी कुठून येते हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

५

इतकी वर्षे बाहेर खाऊन एक गोष्ट उशिराने लक्षात आली. कोल्हापुरी, मालवणी, उडपी, पंजाबी, मोगलाई, सगळ्यांच्या पाट्या मी वाचल्या. माझ्या आजीच्या चुलीची पाटी मला कुठे दिसली नाही.

एकदा रमजानच्या दिवसांत एक मुसलमान सोबती मला बोहरी मोहल्ल्यात घेऊन गेला. तिथे बारा हंडीचा रस्सा रात्रभर शिजतो. पाये, नळ्या, निरनिराळे भाग. पलीकडे सळीवर खिरी भाजत होते. खिरी म्हणजे जनावराची कास. मोटारीतून आलेली माणसे रांग लावून खात होती. मी पहिला तुकडा तोंडात टाकला आणि मला आमचा वाडा आठवला. वजडी, रक्ती, येसूर घातलेले बरबाट, दोरीवर वाळत घातलेल्या चान्या. ज्या खाण्यावरून शाळेत आम्हाला नाक मुरडले जाई, त्याच्याच भावंडांना इथे किंमत होती.

इथे एक खुलासा केला पाहिजे, नाहीतर गैरसमज होईल. मेलेल्या ढोराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी महाडला सांगितले, ते योग्यच होते. ते खाणे ही आवड नव्हती, ती गुलामीची मजुरी होती. पण बाजारातून पैसे देऊन आणलेली वजडी आणि गावाने फेकलेले ढोर यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एक सोडताना दुसऱ्याचीही लाज आपण उराशी धरली. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून ही लाज चव्हाट्यावर आणली, म्हणून त्यांचे आभार मानले पाहिजेत. त्याच वर्षी राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली. आपल्या ताटातला एक पदार्थ कायद्याने गेला. बाकीचे अजून आपल्या हातात आहेत.

माझी पुतणी एका उपनगरात संध्याकाळी हातगाडी लावते. वजडी, बोंबील, भाकरी. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने फेरीवाल्याला हक्क दिला असला तरी पालिकेची गाडी दिसली की तिची अजून धावपळ होते. गाडीला पाटी हवी होती. तिने विचारले, “आप्पा, काय लिहू?” आणि मी, ज्याने नऊ दिवस दाराशी बसून ताट धुतले त्या मी, पटकन म्हणालो, “घरगुती कोल्हापुरी लिही. खपेल.” तिने तसे लिहिले. खपलेही. मग एका नेहमीच्या गिऱ्हाइकाने विचारले, “कोल्हापूरचे कोण तुम्ही?” त्या रात्री ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “आप्पा, तुम्ही मला पण चोरायला लावलं.”

मला उत्तर सुचले नाही. सुचली ती कोल्हापूरचीच एक गोष्ट. संस्थानच्या पागेतले नोकर गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून सवर्ण नोकरांनी मारले. शाहू महाराजांनी त्यांना नोकरीतून मोकळे केले आणि चहाचे हॉटेल काढून दिले. हॉटेल निघाले, पण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजू लागले. ही गोष्ट आपण दरवर्षी सांगतो. तिचे वर्म मला पुतणीने दाखवले. आपण त्यांच्या हॉटेलात जाऊन बसणे हा निम्माच रस्ता आहे. तो रोख पैशाने, गर्दीने आणि कायद्याने आपण चालून आलो. त्यांनी आपल्या गाडीवर येऊन, आपण कोण हे ठाऊक असताना, आपल्या हातचे खाणे हा दुसरा निम्मा रस्ता आहे. तो राजाशिवाय चालायचा आहे, आणि जात लपवली तर तो सुरूच होत नाही.

पुतणीने पाटी बदलली. आता तिच्यावर लिहिले आहे: ‘वजडी, रक्ती, बोंबील, भाकरी. आमच्या आजीच्या हातचे.’ वरच्या कोपऱ्यात निळ्या रंगात ‘जय भीम’ आहे. काही जुनी गिऱ्हाइके येईनाशी झाली. काही येतात. काही नवीन येतात, त्यांत आपली किती आणि दुसरी किती, हे ती मोजत नाही. मी मात्र मोजतो. ती सवय जाणार नाही.

गेल्या आठवड्यात तिच्या गाडीपाशी स्टुलावर बसलो होतो. ऑफिसची पिशवी खांद्याला लावलेले एक गृहस्थ आले. त्यांनी पाटी वाचली, वरचा कोपराही वाचला. ते काही मागण्याआधी पुतणीने पिंपातून ग्लास भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो उचलला.